व्हँकूव्हरच्या आद्य रहिवाशांच्या आठवणी कशा वाचाव्यात

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हँकूव्हर या बंदराच्या आद्य रहिवाशांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी आपण वाचत आहात. १३ जून १८८६ रोजी लागलेल्या आगीत सारे गाव २० मिनिटांत भस्मसात झाले असे एक जण सांगतो, तर दुसरा पाऊण तास सांगतो. मृतांच्या आकड्यावर तर कोणाचेच एकमत नाही. अशा आठवणींवर इतिहास म्हणून विश्वास ठेवावा, की त्या रंजक कथा समजून बाजूला साराव्यात, असे आपण विचारले आहे.

लोकांच्या आठवणी ऐकणे, टिपणे आणि पडताळणे हे काम मी गेली पंचवीसएक वर्षे करत आलो आहे, आणि व्हँकूव्हरचा हा संग्रह मी शिकण्यासाठी म्हणून पुन्हा पुन्हा वाचला आहे. विश्वास जरूर ठेवावा, परंतु आपण ज्या गोष्टीसाठी या आठवणी तपासत आहात त्या गोष्टीसाठी नव्हे. माणसाची आठवण घड्याळाच्या बाबतीत कच्ची आणि जागेच्या बाबतीत पक्की असते. आग किती मिनिटे चालली हे तिला विचारू नये. ज्वाळा दिसल्या तेव्हा सांगणारा कोठे उभा होता, पाणी कोणत्या बाजूला होते, हातात काय होते आणि कोणत्या वाटेने तो पळाला, हे विचारावे. त्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतकी जुळतात.

हा संग्रह कसा तयार झाला, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण त्यातील बळ आणि उणीव दोन्ही तेथेच आहेत. वेल्समध्ये जन्मलेले जेम्स स्किट मॅथ्यूज १८९८ मध्ये व्हँकूव्हरला आले, पहिल्या महायुद्धात मेजर झाले, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत शहरातील वृद्धांना गाठून त्यांच्या आठवणी उतरवून घेऊ लागले. १९३३ मध्ये ते शहराचे अभिलेखपाल झाले आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. ध्वनिमुद्रणाची सोय हाताशी नव्हती. ते समोर बसून ऐकत, टिपणे घेत, मागाहून ती टंकलिखित करत आणि पुष्कळदा सांगणाऱ्याला दाखवून दुरुस्त करून घेत. संभाषण कोणाशी झाले, कोठे झाले, कोणत्या तारखेला झाले हे प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लिहिलेले सापडते, आणि या एका सवयीबद्दल पुढच्या प्रत्येक संशोधकाने त्यांचे ऋण मानावे असे मला मनापासून वाटते. तारीख असल्यामुळेच आपल्याला कळते, की आगीची बहुतेक वर्णने घटनेनंतर पंचेचाळीस ते पन्नास वर्षांनी सांगितलेली आहेत; म्हणजे आगीच्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल ती आठवण सांगताना साठीला टेकलेले होते. ऐकणारे मॅथ्यूज स्वतः आगीनंतर बारा वर्षांनी तेथे आले होते. त्यांनी आग पाहिलेली नव्हती, आणि जे तिच्यातून गेले त्यांच्याविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. ऐकणाऱ्याच्या आदराचा रंग सांगणाऱ्याच्या शब्दांना लागतो, हे प्रत्येक टिपण वाचताना मनात ठेवावे.

आता त्या गावाकडे येतो. व्हँकूव्हर हे नाव १८८६ मध्ये मिळाले. त्याआधी बरार्ड खाडीच्या दोन्ही काठांवर होत्या त्या लाकूड कापण्याच्या गिरण्या. दक्षिण काठावर १८६५ मध्ये सुरू झालेल्या उद्योगातून पुढे हेस्टिंग्ज मिल उभी राहिली, उत्तर काठावर मूडीव्हिल होते, आणि हेस्टिंग्ज मिलच्या पश्चिमेस १८७० मध्ये ग्रॅनव्हिल नावाचे छोटे गावठाण आखले गेले, ज्याला लोक गॅसटाउन म्हणत. या काळाच्या आठवणींत मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो कानांनी आणि नाकाने टिपलेल्या तपशिलांचा. गिरणीचा भोंगा हेच गावाचे घड्याळ होते. तोडलेले प्रचंड ओंडके बैलांच्या जोड्या जंगलातून खाली ओढून आणत, आणि वाटेत आडव्या टाकलेल्या लाकडांवरून ते घसरावेत म्हणून त्यांना डॉगफिश नावाच्या लहान शार्क माशाचे तेल चोपडत. दुकान, टपाल आणि बाहेरच्या जगाच्या बातम्या या तिन्ही गोष्टी गिरणीच्या एकाच दुकानात मिळत. गिरणीत काम करणाऱ्यांत या किनाऱ्याचे मूळ निवासी असलेले स्क्वॉमिश आणि मस्क्वीम लोक होते, हवाई बेटांवरून आलेले होते, चिनी होते, युरोपच्या निरनिराळ्या देशांतले खलाशी होते, आणि या सर्वांचा व्यवहार चिनूक नावाच्या सरमिसळ बोलीत चाले, जिच्यात किनाऱ्यावरील मूळ भाषांबरोबर फ्रेंच आणि इंग्रजी शब्दही मिसळलेले होते. वयोवृद्ध गोरे रहिवासी मॅथ्यूज यांच्यासमोर बोलताना सहज चिनूक शब्द वापरून जातात, तेव्हा त्या गावाचे खरे रूप अवचित समोर येते. असा शब्द कोणी पुढे आठवणी रंगवण्यासाठी शिकत नाही.

याउलट गॅसटाउन हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या जॅक डायटन यांची गोष्ट पाहा. ते १८६७ मध्ये दारूचे पिंप घेऊन आले आणि गिरणीतल्या कामगारांना मोफत दारूचे आमिष दाखवून त्यांनी चोवीस तासांत आपला गुत्ता उभा करून घेतला, ही कथा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. डायटन १८७५ मध्ये वारले, आणि मॅथ्यूज यांना आठवणी सांगणारे बहुसंख्य लोक १८८० नंतर आलेले होते. म्हणजे ही कथा त्यांनी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पाहिलेले, ऐकलेले आणि छापील वाचलेले असे तीन थर प्रत्येक आठवणीत असतात आणि ते एकमेकांत मुरलेले असतात, एवढेच सांगायचे आहे. ज्या प्रसंगाचे वर्णन दहा जण एकाच क्रमाने, एकाच विनोदासह करतात, तो बहुधा ऐकीव असतो. डोळ्यांदेखत घडलेले प्रत्येक जण वेगळ्या टोकापासून सांगू लागतो.

आगीच्या आठवणी अशा वेगवेगळ्या टोकांपासून सुरू होतात, म्हणूनच त्या मोलाच्या आहेत. ६ एप्रिल १८८६ रोजी शहराला सनद मिळाली, मे महिन्यात पहिली निवडणूक होऊन हेस्टिंग्ज मिलचे व्यवस्थापक रिचर्ड अलेक्झांडर यांना हरवून माल्कम मॅक्लीन महापौर झाले, आणि त्यानंतर दीड महिनाही उलटला नाही तोच गाव जळाले. कारण सर्वांना ठाऊक होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला मिळालेल्या जमिनीवरचे जंगल झपाट्याने साफ केले जात होते. लहान झाडे अर्धवट कापून ठेवायची आणि मग एक मोठे झाड असे पाडायचे, की त्याच्या धक्क्याने पुढची सारी रांग कोसळावी, अशी ती पद्धत होती. त्यातून जमिनीवर फांद्या, साली आणि राळेने भरलेल्या लाकडाचे ढीग पडून राहिले, ते उन्हात वाळले आणि ते जाळण्यासाठी ठिकठिकाणी विस्तव पेटवलेले होते. त्या रविवारी दुपारी पश्चिमेकडून अचानक जोराचा वारा सुटला. पुढचे वर्णन विल्यम गॅलाघर यांनी केले आहे: इमारती पेटत गेल्या असे म्हणणेच बरोबर नाही, त्या झोतासमोर वितळून नाहीशा झाल्या. हे अतिशयोक्त वाटेल. पण सेंट जेम्स चर्चची घंटा त्या दिवशी खरोखर वितळली, आणि धातूचा तो वेडावाकडा गोळा आजही शहराच्या संग्रहालयात आहे. अशा ठिकाणी आठवणीला एक मुका साक्षीदार मिळतो.

आता मिनिटांचा प्रश्न. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे होता. जो रेल्वेच्या मोकळ्या केलेल्या जमिनीजवळ होता त्याला ज्वाळा दिसणे आणि घर सोडणे यांत क्षणांचेच अंतर मिळाले. जो पूर्वेला गिरणीच्या बाजूस होता त्याने तीच आग दूरवरून येताना पाहिली. काही लोक उत्तरेला खाडीच्या काठावर पोहोचून तराफ्यांवर किंवा रॉबर्ट कर नावाच्या नांगरलेल्या जुन्या गलबतावर चढले, काही दक्षिणेला फॉल्स क्रीक या दुसऱ्या खाडीच्या चिखलात उतरले. माझी समजूत अशी, की २० मिनिटे सांगणारा आपण घरातून निघून पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंतचा वेळ सांगतो आणि ४५ मिनिटे सांगणारा शेवटचे घर पडेपर्यंतचा. दोघेही खरे बोलत आहेत, फक्त दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली आहे. मृतांचा आकडा मात्र आठवणींतून निघणार नाही. झाडे तोडण्यासाठी नुकतेच उतरलेले, तंबूत राहणारे, कोठेही नोंद नसलेले कितीतरी पुरुष त्या गावात होते. त्यांचे कोणी शेजारी नव्हते, आणि ज्याला शेजारी नाही त्याची आठवण सांगायला मागे कोणी उरत नाही. निरनिराळे आकडे दिलेले सापडतात, त्यांतील कोणताही अंतिम मानू नये.

एक तपशील मात्र मी आवर्जून नोंदवतो, कारण स्मरणलेखांत तो अनेकदा एका ओळीत उरकलेला असतो. आग दिसताच खाडीच्या उत्तर काठावरील स्क्वॉमिश वस्तीतून होड्या निघाल्या आणि दक्षिण काठावर पाण्यात अडकलेल्या गोऱ्या रहिवाशांना त्यांनी बाहेर काढले. होड्या वल्हवणाऱ्यांत स्त्रिया होत्या. ज्यांचे प्राण वाचले त्यांनी वाचवणाऱ्यांची नावे क्वचितच सांगितली.

छापील आणि पाहिलेले कसे एक होते, याचा एक अनुभव सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. योगायोग असा, की ते जहाज व्हँकूव्हरच्याच प्रांतातील प्रिन्स रूपर्ट बंदरात १९४२ मध्ये बांधलेले होते. त्या दिवसाविषयी माझगावातील एका आजींशी मी बराच वेळ बोललो. पहिला धमाका चार वाजून सहा मिनिटांनी झाला, असे त्यांनी ठामपणे सांगितले. वेळ अचूक होती, कारण गोदीच्या मनोऱ्यावरील घड्याळ त्याच क्षणी बंद पडले आणि त्याची हकिगत पुढे असंख्य वेळा छापली गेली. मग मी विचारले, त्या वेळी घरात काय चालले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मी पोळपाट उचलून पळाले, मूल पाळण्यात होतं, आणि जिना उतरल्यावर पोळपाट हातात बघून परत वर धावले.” चार वाजून सहा मिनिटे ही वेळ साऱ्या शहराच्या आठवणीतली होती, पोळपाट मात्र त्यांच्या स्वतःच्या आठवणीतला होता. व्हँकूव्हरच्या टिपणांत असाच पोळपाट शोधावा. मॅथ्यूज यांनी तो अनेक ठिकाणी जपून ठेवला आहे, आणि जेथे त्यांच्या लेखणीला वीरकथेचा मोह झाला तेथे तो हरवलेला जाणवतो.

छायाचित्रांबाबतही हीच दक्षता हवी. आगीनंतर तंबूसमोर टेबल मांडून बसलेली नगर परिषद आणि वर ‘सिटी हॉल’ ही पाटी, असे हॅरी डिव्हाइन यांनी घेतलेले छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. ते कॅमेऱ्यासाठी नीट जुळवून बसवलेले दृश्य आहे. तरीही नंतरच्या कितीतरी आठवणींत तंबूचे वर्णन त्या छायाचित्रासारखेच येते, आणि सांगणाऱ्याला तंबू आठवतो आहे की छायाचित्र, हे ठरवता येत नाही.

रेल्वेविषयीच्या आठवणी विपुल आहेत, पण माझ्या मते त्या सर्वांत कमी उपयोगाच्या. २३ मे १८८७ रोजी ३७४ क्रमांकाचे इंजिन पाने-फुले आणि पताकांनी सजून व्हँकूव्हरला पोहोचले, पुढच्याच महिन्यात आशियातून चहा आणि रेशीम घेऊन पहिले भाड्याचे जहाज आले, आणि १८९१ मध्ये लोकसंख्या तेरा हजारांवर गेली. हे सारे वर्तमानपत्रांत आहेच. स्मरणलेख त्यात फारशी भर घालत नाहीत. त्यापेक्षा इंग्लिश बे येथे दोन पिढ्यांतील मुलांना पोहायला शिकवणाऱ्या, वेस्ट इंडीजमधून आलेल्या जो फोर्टेस यांच्याविषयी, लहानपणी त्यांच्या आधाराने पाण्यात उतरलेल्यांनी जे सांगितले आहे ते वाचावे. हनुवटीखाली धरलेला हात शरीराला आठवतो.

संग्रहातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार मात्र बाहेरून येऊन वसलेला नव्हता. ऑगस्ट जॅक खात्सलानो हे स्क्वॉमिश गृहस्थ. त्यांच्या आजोबांच्या नावावरून शहरातील किट्सिलानो या भागाला नाव मिळाले. १९३० नंतर अनेक वर्षे ते मॅथ्यूज यांच्याशी बोलत राहिले, आणि त्यांचे इंग्रजी जसे होते तसेच, व्याकरण न सुधारता, मॅथ्यूज यांनी टिपले. नव्या परिषदेने आपल्या अगदी पहिल्या ठरावांपैकी एकात खाडीच्या मुखाजवळचा लष्करी राखीव भूभाग उद्यानासाठी मागितला. तेच स्टॅनली पार्क, जे १८८८ मध्ये खुले झाले. परिषदेच्या इतिवृत्तात तो दूरदृष्टीचा ठराव आहे, आणि आद्य रहिवाशांच्या आठवणींत ते सहलीचे रान आहे. ऑगस्ट जॅक यांना वेगळे आठवते. ते लहान होते, कुटुंब घरात जेवत बसले होते, आणि उद्यानाचा रस्ता आखणाऱ्या मोजणीदारांनी त्यांच्या घराचा कोपरा कुऱ्हाडीने तोडला, कारण रस्ता तेथूनच जायचा होता. जवळच्या ख्वायख्वाय गावात पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांच्या कवचांचा मोठा थर साठला होता. तो खणून नव्या रस्त्यावर अंथरला गेला. उद्यानाचा तो रस्ता किती पांढराशुभ्र दिसे हे सहलीला गेलेल्यांना आठवते. तो पांढरा का होता हे ऑगस्ट जॅक यांना ठाऊक होते. एकाच रस्त्याच्या या दोन आठवणी समोरासमोर ठेवल्या म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नाचे मर्म कळते: दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

जे विचारलेच गेले नाहीत त्यांची उणीव याहून मोठी आहे. शहराच्या पहिल्या निवडणुकीत चिनी आणि मूळ निवासी लोकांना मत नव्हते. २४ फेब्रुवारी १८८७ रोजी कोल हार्बर येथे झाडे तोडणाऱ्या चिनी कामगारांच्या तळावर जमावाने हल्ला केला, आणि प्रांतिक सरकारला शहराचे पोलिसी अधिकार काढून घेऊन स्वतःचे शिपाई पाठवावे लागले. या रात्रीविषयी जमावाच्या बाजूने किंवा बघ्यांच्या बाजूने सांगितलेले सापडते. तळावरून थंडीत पळालेल्या माणसाचे शब्द शोधत राहावे लागते. १९०० नंतर लाकूड गिरण्यांत आलेल्या पंजाबी कामगारांचेही तसेच. त्यांनी १९०८ मध्ये फॉल्स क्रीकजवळ गुरुद्वारा उभारला, आणि १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजावरील ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना उतरू न देता दोन महिन्यांनी परत पाठवले गेले तेव्हा ते काठावर उभे होते. पण ‘आद्य रहिवासी’ या शब्दाच्या व्याख्येत ते बसत नव्हते. याच किनाऱ्यावर, सीमेच्या दक्षिणेला, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे हे दोन मराठी तरुण त्या काळात शिकत होते आणि पंजाबी कामगारांसोबत गदर चळवळीत उतरले होते. पिंगळ्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. त्या गिरणी कामगारांच्या आठवणी वेळेवर कोणी टिपल्या असत्या, तर आपल्याही इतिहासाची काही पाने आज भरलेली असती, ही खंत मला वारंवार वाटते.

आपण लेखाच्या तयारीत आहात, तर एवढे करावे. १८८६ चा नकाशा समोर ठेवून प्रत्येक सांगणाऱ्याची आगीच्या वेळची जागा त्यावर खुणेने दाखवावी, आणि नंतरच मजकूर वाचावा. प्रत्येक वाक्यापुढे समासात पाहिलेले, ऐकलेले की वाचलेले अशी खूण करावी. शंका असेल तेथे जागा कोरी सोडावी. टिपणाची तारीख आणि सांगणाऱ्याचे वय नेहमी उद्धृत करावे. ऑगस्ट जॅक यांची संभाषणे शेवटी परिशिष्टासारखी न वाचता सर्वांत आधी वाचावीत, म्हणजे नंतरच्या आठवणींत जे रान मोकळे आणि निर्मनुष्य म्हणून येते ते तसे नव्हते हे आपल्या ध्यानात राहील. आणि शक्य झाल्यास ती जागा पाहावी. मॅथ्यूज यांचे नाव दिलेली अभिलेखागाराची इमारत फॉल्स क्रीकच्या मुखाशी, व्हॅनियर पार्कमध्ये आहे. तिच्या परिसरात सेनाक हे स्क्वॉमिश गाव होते, जेथील कुटुंबांना १९१३ मध्ये सामानासकट तराफ्यावर चढवून हलवले गेले. त्या गावातील माणसांनी सांगितलेली टिपणे आता तेथेच, जमिनीत अर्धवट उतरवलेल्या दालनांत जपून ठेवलेली आहेत.